नदीकाठी थांबवलेला योद्धा

आई-बाबांना स्टुटगार्टच्या विमानतळावर सोडून मी एस-बानने, म्हणजे इथल्या लोकल ट्रेनने, घरी येत होते. शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ कानात वायरचे इयरफोन घालून फोनवर गेम खेळत होते. पण त्यांच्या गेममधला योद्धा नदीकाठी नुसताच उभा होता.

"हँग झालाय का?" मी विचारलं.

"नाही, ऐकतोय. याला पुढे नेलं की लढाई सुरू होते आणि संगीत बदलतं. म्हणून मी इथेच थांबवतो."

त्यांची बोटं गुडघ्यावर ताल धरायची आणि बासरी आली की आपोआप थांबायची, कुणी बोलत असताना आपण गप्प बसतो तशी. ते मूळचे चेन्नईचे. तमिळ सिनेमालाही गाण्यांपेक्षा पार्श्वसंगीतासाठी जातो, म्हणाले. "माणसाला जिथे बोलता येत नाही, तिथे ते सुरू होतं."

मग माझा चेहरा बघून त्यांनी एक इयरफोन रुमालाने पुसला आणि माझ्यापुढे धरला. व्हायोलिन हळूहळू चढत गेलं. सकाळपासून आईसमोर अडवून धरलेलं रडू तेव्हा आलं.

त्यांचं स्टेशन आलं. ते अर्धवट उठले, आमच्यामधली वायर ताणली गेली, तसे पुन्हा बसले.

"अहो, उतरा ना तुम्ही," मी म्हटलं.

"हे संपू दे. पुढच्या स्टेशनवरून उलटा येईन."

वेळेवर उतरणारी माणसं मी एस-बानमध्ये रोज बघते. माझ्यासाठी न उतरलेले ते एकटेच.