कॅसेटमधले दोघे

१९९८ साली मी रत्नागिरीतल्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होतो आणि आपण गिटारवादक आहोत असा माझा समज होता. दुसऱ्या कुणाचा तो नव्हता. मला तीन कॉर्ड यायचे, त्यातलाही तिसरा, दिवस बरा असेल तरच. वाडीच्या भजनात मी बुवांच्या मागे ओळी ओढणाऱ्यांत बसायचो. तिथे माझा आवाज टाळांच्या गजरात बुडून जायचा, त्यामुळे सगळ्यांचं बरं चाललं होतं. गिटार मात्र मी ओट्यावर एकटाच वाजवायचो आणि ती आख्ख्या आळीला ऐकू जायची.

आळीच्या टोकाला एक चाचा राहायचे. मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये नोकरी. वर्षातले बरेच महिने समुद्रावर, उरलेले घरी. एकदा ते माझ्या ओट्यासमोर थांबले, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दुरुस्त करतोस काय ती?"

वाजवतोय, असं मी सांगितलं. त्यांना वाईट वाटलं असावं. दोन दिवसांनी जहाज पकडायला निघताना, एका हातात बॅग असताना, त्यांनी माझ्या हातात एक कॅसेट ठेवली.

"आमच्या जहाजावरचा कुक हाय, घानाचा. आफ्रिकेतला. त्याचं वाजवणं मी मेसमध्ये बसून भरलेलं हाय. ऐक नि काय तरी शिक. पण एकच हाय हां, दुसरी नाय. जपून ठेव."

"काळजीच करू नका चाचा," मी म्हणालो. अशी वाक्यं मी फार सहज बोलतो.

त्या संध्याकाळी कॅसेट लावली. आधी थाळ्यांचा खणखणाट, कुणाचं तरी हसणं, आणि मग गिटार. गिटार कसली, गिटारी! खाली जाड तारांवर एकजण सावकाश चालत होता आणि वर बारीक तारांवर दुसरा त्याच्याभोवती नाचत होता. खालचा काहीतरी विचारायचा, वरचा उत्तर द्यायचा, कधी प्रश्न पुरा व्हायच्या आधीच. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. इतकं आनंदी काही मी तोवर ऐकलंच नव्हतं.

दोघे वाजवतायत यात मला तीळमात्र शंका आली नाही. आमचे कान डबलबारीवर पोसलेले. समोरासमोर दोन बुवा बसतात, एकाने गाण्यातून टोमणा मारायचा आणि दुसऱ्याने तो परतवायचा. सवाल-जवाब ऐकू आले की आम्ही आधी दुसरा बुवा कुठे बसलाय ते बघतो. एकच माणूस स्वतःला विचारून स्वतःच उत्तर देईल, हे आमच्याकडे संगीतात बसत नाही.

आता दुसरा बुवा हवा होता. माझा मित्र मिरकरवाड्याच्या धक्क्याजवळ बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा आणि भजनात मृदंग वाजवायचा. त्याला मी पकडला. त्याने एका बँडवाल्याकडून जुनी गिटार मिळवली आणि आम्ही त्याच्या शेडमध्ये, डिझेलच्या वासात, रोज संध्याकाळी बसू लागलो. वाटणी अर्थातच मी केली. वरचं नाचरं वाजवणं माझ्याकडे, कारण तो कुक असणार. खालचं मित्राकडे.

"तो खालचा कोण असेल रे?" मित्राने एकदा विचारलं.

"असेल कोणीतरी भांडी घासणारा," मी म्हणालो. "ठेका धरायला बसवलेला. तू फार डोकं लावू नकोस, नुसता चालत राहा."

 मित्र वर्षभर नुसता चालत राहिला, आणि मी त्याच्या डोक्यावर नाचत राहिलो. मी घाई केली की तो थांबायचा, मी चुकलो की तो सांभाळून घ्यायचा. आपली प्रगती छान आहे असं मला वाटायचं.

रोज दहा-दहा वेळा मागेपुढे करून ती कॅसेट दमली होती. त्यात पावसाळा आला आणि तिला बुरशी धरली. एका संध्याकाळी टेपरेकॉर्डरने फीत गिळली. मित्र म्हणत होता, थांब, मी स्क्रू काढतो. मी थांबलो नाही, ओढली. तीन तुकडे झाले. ते मी चिकटपट्टीने जोडले आणि लावून पाहिले, तर तव्यावर मासे तळल्यासारखा आवाज येत राहिला. कुक गेला होता.

आणि त्याच महिन्यात चाचा परत आले, ते कायमचेच. आल्या आल्या ओट्यासमोर उभे.

"कॅसेट दे रे माझी. कुक गेला. घरी गेलेला सुट्टीवर, तिकडंच गेला. जहाजावर पत्र आलं. आता तेवढीच राह्यली त्याची."

माझी पाचावर धारण बसली. मित्राकडे आहे, आणून देतो, असं सांगितलं. मग टेपरेकॉर्डर दुरुस्तीला दिलाय, कॅसेट आतच आहे, असं सांगितलं. मग मी शाळेत जायचा रस्ताच बदलला. पाच मिनिटांची शाळा मी वीस मिनिटांनी गाठत होतो, आणि एका माणसाच्या मेलेल्या मित्राला आपण मारून ठेवलंय ही टोचणी काही चालून जात नव्हती. मला स्वतःची मनापासून लाज वाटत होती, फक्त ती चाचांसमोर जाण्याएवढी होत नव्हती.

"कॅसेट गेली ती गेली," शेवटी मित्र म्हणाला. "वाजवणं तर आपल्याकडं हाय ना? रविवारी जाऊया. तू सांग, मग वाजवूया."

रविवारी दुपारी दोघे गिटारी घेऊन चाचांकडे गेलो. मी तुकडे त्यांच्यापुढे ठेवले आणि सगळं सांगितलं. खोटं बोललो तेही सांगितलं. चाचा त्या चिकटपट्टीकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. मित्राने माझी वाट न बघता वाजवायला सुरुवात केली, तसा मीही घुसलो.

वाजवून झाल्यावर चाचांनी विचारलं, "दोघं कशाला वाजवता?"

"ते दोघे होते म्हणून."

"कोण दोघे? एकटा होता तो." त्यांनी उजवा हात वर केला. "यो अंगठा नि यं एक बोट. बस. बाप होडीवर मासे मारायचा त्याचा. लहानपणी तेलाच्या डब्याला गळाची दोरी ताणून वाजवायला शिकला, बंदरातल्या म्हाताऱ्या खलाशांचं बघून. मेसमध्ये कांदा कापून झाला की हात धुवून बसायचा."

म्हणजे एका माणसाने दोन बोटांनी केलेलं काम आम्ही वीस बोटांनी आणि वर्षभराने केलं होतं. मी चाचरत म्हणालो, "तरी वरचं बोट म्हणजे मुख्य..."

"छ्या! गाणं अंगठ्यात हाय. तो तेच तोंडानं म्हणायचा. वरचं बोट निसतं मस्करी करतं."

मी मित्राकडे बघितलं नाही. त्यानेही माझ्याकडे बघितलं नसावं, तो तेवढा चांगला आहे.

"तू वाजव," चाचा त्याला म्हणाले. "एकटा."

मित्र नुसता चालू लागला. सावकाश, जाड तारांवर, वर्षभर चालला होता तसाच. दुसऱ्या फेरीला चाचांनी डोळे मिटले आणि बारीक आवाजात, मला न कळणाऱ्या भाषेत, त्यावर शब्द म्हणू लागले. त्यांच्या गालांवरून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. माझ्याही डोळ्यांत आलं. आपल्या तारा चुकून वाजू नयेत म्हणून मी त्यांच्यावर पंजा दाबून बसलो होतो.

संपल्यावर चाचा उठून आत गेले आणि आपला टेपरेकॉर्डर व एक कोरी कॅसेट घेऊन आले. मित्राला म्हणाले, परत वाजव. टेपरेकॉर्डर माझ्यापुढे सरकवला.

आवाज भरायचा तर त्याची दोन बटणं एकदम दाबावी लागत. मी एकावर अंगठा ठेवला, दुसऱ्यावर बोट, आणि मित्राने मान हलवल्याबरोबर दोन्ही दाबली.