नकाशावरचं देऊळ

तेव्हा मी भिसेगावात एकटाच खोली घेऊन राहत होतो. नोकरी सरकारी नकाशे काढायची. गप्पा मारायला माणूस नाही. म्हणून रविवारी साजगावच्या माळावर जायचो. तिथे एक वीरगळ होता, म्हणजे लढाईत पडलेल्या कुणा वीराचा कोरीव दगड. त्याला टेकून मी आठवडाभराचे सगळे किस्से हातवाऱ्यांसकट, आवाज बदलून सांगायचो. मधेच जांभई न देणारा तो माझा एकमेव श्रोता.

मग कारखान्याच्या रस्त्याची रेघ नेमकी त्याच्यावरून आली. मी साहेबांना सांगितलं.

"जुन्या दगडाला नकाशात खूणच नाही," ते म्हणाले. "देऊळ असतं तर वळवला असता."

मी तिथे ऐटीत देवळाची खूण काढली. रस्ता वळला.

पण आखणीला आलेल्या मुकादमाने नकाशा बघून गावात विचारलं, "हितं कुठला देव हाय रं?" गावाला तेवढं पुरलं. पुढच्या रविवारी दगडाला शेंदूर, पुढ्यात नारळ. मी सवयीने टेकलो, तशी एक म्हातारी म्हणाली, "देवाला पाठ लावतोस व्हय रं? सरक तिकडं."

मी सरकलो. दगड वाचला होता. आठवड्याचे किस्से मात्र तसेच पोटात घेऊन मी परतीच्या एसटीत बसलो.