घडी मोडून घेणाऱ्या अक्का

सकाळच्या एसटीचा कंडक्टर मुरुमचाच, ओळखीचा. गाडी उस्मानाबादच्या स्टँडवर लावून तो थेट आमच्या दारात आला आणि टोपी काढून म्हणाला, "वहिनी, मुरुमच्या अक्का गेल्या." मी पिठाच्या हातानंच तिथं बसले. आता खरं सांगते, लोक काय म्हणायचं ते म्हणोत. मला आधी रडू आलं नाही. आधी मनात आलं, तो कापडवाला मलप्पा शेट अजून गादीवर तक्क्याला टेकून बसलाय आणि अक्का आधी गेल्या... देवा, तुझे डोळे फुटले का रे?

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन मुरुमला आले तेव्हा त्यांची लेक कला परकरात होती. यांची बदली झाली, आम्ही उस्मानाबादला आलो, पण सण आला की मी मुरुमलाच. अक्कांना उगीच हसायची सवय नव्हती आणि उगीच बोलायचीही नव्हती. भाजीत मीठ जास्त पडलं तर "सुभद्रे, आज समुद्र आणलास का गं?" एवढंच म्हणायच्या आणि मुकाट्यानं जेवायच्या. असल्या शांत बाईनं एका माणसावर सूड उगवला, आणि तो कसा उगवला हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून लिहायला बसले.

निजामाचं राज्य गेलं, पुढं नाक्यावरची जकातही उठली आणि मुरुमच्या पेठेत गिरणीच्या कापडाचे गठ्ठेच्या गठ्ठे यायला लागले. त्यातच आहेराचं लुगडं म्हणून एक वेगळा माल निघाला. वरून झकझकीत, खळ अशी की उभं केलं तर उभं राहील. ते नेसायचं नसतं. एकीनं दुसरीला द्यायचं, दुसरीनं पेटीत टाकायचं आणि पुढच्या लग्नात तिसरीच्या ओटीत घालायचं. घडी मोडायची नाही, हाच रिवाज. मलप्पा शेट आमच्या भावकीतला, पेठेत त्याचं दुकान सगळ्यात मोठं. कलाचं लग्न नळदुर्गला ठरलं तेव्हा अक्का त्याच्याकडंच गेल्या आणि म्हणाल्या, "विहीणबाईला चांगलं द्या, नेसायचं." त्यानं शपथेवर एक लाल लुगडं काढून दिलं. घरच्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर?

आता नळदुर्गच्या विहीणबाईंनी असं केलं की जे आमच्या मुलखात कुणी करत नाही. त्यांनी आहेराची घडी मोडली! हौसेनं नेसल्या, दुसऱ्या दिवशी धुतलं. खळ गेली आणि हातात राहिलं जाळीदार फडकं. रंग असा सुटला की शेजारचं धोतरसुद्धा लाल. त्या दिवसापासून कलाच्या सासूनं त्याच लुगड्याचं पोतेरं केलं आणि सारवण कलाकडून त्याच पोतेऱ्यानं करून घेतलं. "तुझ्या आईचा आहेर, नीट फिरव." वर कलाला माहेरी पाठवणं बंद. दिवाळी गेली, संक्रांत गेली, पंचमी गेली... अक्का वेशीपर्यंत जाऊन बस बघून यायच्या.

एकदा त्या स्वतः नळदुर्गला गेल्या. सासूनं ऐकवलं, "दुकानदाराचं नाव सांगून आपला चिकटपणा झाकू नका." फाटक्या लुगड्याचा तुकडा मात्र त्यांनी मागून आणला आणि मला घेऊन सरळ मलप्पाच्या दुकानात गेल्या. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. शेटनं तुकडा बोटानं उचलला, सगळ्यांना दाखवला आणि म्हणाला, "अक्का, आहेराचं लुगडं नेसायचं नसतंय हो, फिरवायचं असतंय. तुमच्या विहिणीला येवढं बी कळंना व्हय?" सगळं दुकान खो खो हसलं. चोराच्या उलट्या बोंबा! माझ्या तर अंगाची लाही लाही झाली. अक्कांनी तुकडा कमरेला खोचला आणि पायऱ्या उतरल्या.

त्या दिवसापासून त्यांनी आहेर घेणं बंद केलं, देणंही बंद. लग्नघरी जायच्या, पाटावरवंट्याशी बसायच्या, पुरण वाटून द्यायच्या, जेवून यायच्या. बायका नाकं मुरडायच्या. मग हळूहळू अक्का गल्लीतल्या एकेकीच्या घरी बसायला जायला लागल्या. "पेटी उघड बघू." पेटीत काय, घड्याच घड्या, काही कसरीनं खाल्लेल्या. "ह्यातलं नेसणार हायस का एक तरी? न्हाय ना? मग आपुन कापड घेत न्हाई बायांनो, घड्या घेतोय. आन् त्यो मलप्पा हसतोय." दुकानातलं हसणं सांगितलं की बायकांना झोंबायचं. लुगडं घ्यायचंच झालं तर अक्का बरोबर जाणार. दुकानातल्या दुकानात घडी मोडायची, पदराचं टोक तांब्यात बुडवायचं. रंग सुटला की हात झाडून बाहेर! मीसुद्धा एकदा सोलापूरहून आणलेलं नायलॉनचं पातळ कौतुकानं दाखवायला गेले, तर म्हणाल्या, "नेसनार असशील तर बरं केलंस. दाखवनार असशील तर परत दे." मी आठवडाभर फुगले होते. पण त्यानंतर मी कधी बिनकामाचं कापड घेतलं नाही.

मलप्पाची विक्री आमच्या गल्लीपुरती बसली. पण अक्कांना तेवढ्यानं समाधान नव्हतं. त्यांना कला माहेरी यायला हवी होती, आणि त्यासाठी नळदुर्गच्या बाईच्या डोळ्यांदेखत शेट उघडा पडायला हवा होता. त्या वाट बघत राहिल्या. आणि बघा, मलप्पानं आपली पोरगी दिली कुठं, तर नळदुर्गलाच! कलाची सासू वरपक्षाकडून मांडवात हजर. अक्का भावकीतल्या वडील, त्यांना मानाचं लुगडं देणं शेटला भागच होतं. शेटाणीनं ओटीत घातलं. लालच. अक्का उठल्या, हात धुवायचं घंगाळ भरलेलं होतं त्यात त्यांनी सगळ्यांसमोर घडी मोडून ते लुगडं बुडवलं. घंगाळभर पाणी लालेलाल! अक्का कलाच्या सासूकडं वळून एवढंच म्हणाल्या, "विहीणबाई, वळखीचा रंग हाय का बघा."

मांडवातल्या बायका घंगाळाभोवती जमल्या. मग वरमाय उठली आणि म्हणाली, "आमच्या बी घड्या मोडा." मलप्पाचं तोंड काळं ठिक्कर पडलं. नोकर धावत दुकानात गेले, वरच्या फळीवरची खरी इरकलं आली, तेव्हा पंगत बसली. लोक आता म्हणतात, अक्कांनी शेटच्या पोरीवर दया केली, तिला सासरी कुणी पोतेरं दाखवू नये म्हणून केलं. दया कसली डोंबलाची! मी घरी येताना विचारलं होतं, "अक्का, कसं वाटतंय?" त्या म्हणाल्या, "गार." त्या पंचमीला कला माहेरी आली. सासूनं माफी मागितली नाही, पण पाठवली. नंतर पाठवतच राहिली.

मातीच्या दिवशी मी पोचले तेव्हा कला आईची पेटी उघडून बसली होती. दोन लुगडी, दोन्ही नेसून मऊ झालेली. त्यातलं हिरवं तिनं काढलं. तेवढ्यात मलप्पा शेट आला, म्हातारा झालेला, हातात नवं कोरं निळं इरकल. "वहिनीला शेवटचं माझ्याकडनं," म्हणाला आणि डोळे पुसले. बायका बाजूला सरकल्या. कलानं लुगडं हातात घेतलं, अंगणातल्या बादलीशी गेली, घडी मोडली आणि आख्खं बुडवलं. आम्ही सगळ्या वाकून बघत होतो. पाणी जसंच्या तसं. पक्का रंग, भरीव पोत.

कला पिळता पिळता म्हणाली, "काका, चांगलं हाय की हो. असलं दुकानात व्हतं, तर माझ्या लग्नाला का न्हाई दिलंत?"

शेट मागं वळून चपला शोधायला लागला. कला म्हणाली, "चांगलं कापड मातीत न्हाई घालायचं, आईला आवडायचं न्हाई." अक्का आपल्या जुन्या हिरव्या लुगड्यातच गेल्या. निळं कलानं वाळवून भांडी घासणाऱ्या शेवंताला दिलं, एका अटीवर, की पेटीत ठेवायचं नाही, नेसायचं. शेवंता नेसते. रोज सकाळी पेठेतून, मलप्पाच्या दुकानावरून, कामाला जाते. परवा कलाचा निरोप आला, शेवंता दिसली की म्हणे शेट मान खाली घालतो... घालू दे. लुगडं पक्कं आहे, पुष्कळ वर्षं टिकेल.