साडूचं इटालियन सरबत

पुण्याहून निघालो तेव्हाच माझं तोंड वाकडं होतं. हिच्या माहेरी, बालाघाटला, धोंड्याचं जेवण होतं. अधिक महिन्यात जावयांना बोलावून तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं, आणि पहिला पाट, पहिला मान थोरल्या जावयाचा. थोरला मी. धाकटा विनायक, तिथल्याच मँगनीजच्या खाणीत इंजिनियर, कंपनीच्या खर्चानं सहा महिने इटलीला राहून नुकताच परतलेला. त्याची बायको कुसुम, म्हणजे हिची धाकटी बहीण. तिची पत्रं शांता, म्हणजे आमची ही, मला मोठ्यानं वाचून दाखवायची. वाचताना तिचे डोळे असे चमकायचे, की अकरा वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्या गोष्टीनं चमकल्याचं मला आठवत नाही. मी शाळेत चित्रकलेचा मास्तर. माझा परदेश भिंतीवरच्या नकाशातला. उघडच सांगतो, माझ्या पोटात दुखत होतं, आणि काहीही करून हिच्यासमोर त्या माणसाहून वरचढ ठरायचं एवढंच मनात घेऊन मी गाडीत बसलो.

नागपूरला गाडी बदलताना संत्र्यांची करंडी घेतली. बहर सरत आला होता, फळं महाग होती, पण रिकाम्या हातानं इटलीवाल्यासमोर कोण जाणार?

गोंदियाहून बस धरली. राजेगावला नदी ओलांडली की मध्य प्रदेश. नव्या सीमा आखून चार-पाच वर्षं झाली होती, पण बसमधल्या माणसांनी त्या फारशा मनावर घेतलेल्या दिसल्या नाहीत. एका वाक्यात मराठी, दुसऱ्यात हिंदी. नाक्यावरच्या शिपायानं करंडीत हात घातला, "संतरे मीठे हैं?" म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता दोन उचलली. शेजारची म्हातारी मला म्हणाली, "काहून (का) देता जी? बोला ना त्याले."

मी करंडी पायाशी ओढून घेतली. बाहेर दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या (भातखाचरं) भेगाळून पडल्या होत्या, मधूनमधून मोहाची झाडं. ऊन असं, की खिडकीचा गज धरवत नव्हता.

घरी पोचलो तर अंगणात विनायक हजर. "या भाऊ, बरं झालं. संत्रेच पाहिजे होते मले," म्हणत त्यानं माझी करंडी तिथल्या तिथं उघडली. माझी भेट कुणी नीट पाहिलीसुद्धा नाही. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, निदान मनापासून शिव्या देता आल्या असत्या.

तो इटलीचं उन्हाळी पेय करणार होता. तिकडं म्हणे कडवट लाल अर्कात फसफसणारी पांढरी वाइन घालतात, वर सोडा, बर्फ आणि संत्र्याची चकती. मामाजींनी (सासऱ्यांनी) त्याला आधीच बजावलं, "पुरुषोत्तम मास हाये, जवाईबापू. दारूचा थेंब चालणार नाही."

"हौ (हो) मामाजी. सारं इथलंच सामान घेऊन राह्यलो."

कडवटपणाला त्यानं काडेचिराईत भिजवलं होतं. रंगाला पळसाची फुलं. सासूबाई ती होळीच्या सुमारास वाळवून ठेवत आणि उन्हाळ्यात नातवंडांच्या अंघोळीच्या पाण्यात टाकत. साखरेच्या पाकात माझ्याच संत्र्यांची साल उकळली, त्यात ही दोन्ही पाणी गाळून ओतली. वाइनच्या जागी गोळीसोडा. गोंदियाहून आलेली बर्फाची लादी धानाच्या कोंड्यातून काढून फोडली. पेल्यात बर्फ, दोन बोटं पाक, थोडा रस, मग बाटलीची गोळी दाबून कडेकडेनं सोडा.

"ढवळायचं नाही, भाऊ. बुडबुडे मरते."

पेल्यात केशरी रंग तळापासून वर चढत गेला. रंग खरोखर सुरेख होता, आणि तो मला जमला नव्हता, त्याला जमला होता. चित्रकलेचा मास्तर मी.

पाट मांडले. मी पहिल्या पाटावर. पहिला पेला भरला तसा मी हात पुढं केला. विनायक माझ्यासमोरून सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. तिथं बायका सकाळपासून चुलीपुढं होत्या. पेला त्यानं कुसुमच्या हातात दिला.

"घे, आधी तू. सकाळपासून धगीत हायेस."

मामाजी खाकरले. "अरे, थोरले जवाई बसून राह्यले ना."

"त्याहिले (त्यांना) बी देतो, मामाजी."

दुसरा सासूबाईंना, तिसरा हिला, चौथा मला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एक घोट घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "कडू आहे." कडू होतंच, पण आधी गार, मग आंबटगोड, आणि मागे राहणारी कडू चव अशी, की पुन्हा प्यावंसं वाटावं. मी पेला खाली ठेवला. वाण घेतलं, नमस्कार घेतले, पण फुगलेलं तोंड काही उतरलं नाही.

परतीच्या गाडीत ही खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, हिला त्या सरबताची आठवण येतेय. माझ्या पिशवीत सासूबाईंकडून मागून घेतलेली पळसफुलं होती.

पुण्यात पहिल्याच रविवारी घाट घातला. चिराईत, पाक, गोळीसोडा, सगळं मापात. ढवळलं नाही. एक घोट स्वतः घेतला. त्याच्यापेक्षा सरस झालं होतं, शप्पथ. मग पेला घेऊन पोळ्या लाटणाऱ्या शांतेकडं गेलो.

"सांग, त्याच्यापेक्षा चांगलं आहे की नाही?"

तिनं पिठाचे हात पुसले, प्यायली. "चांगलं आहे."

"मग तोंड का असं?"

रागावली की ती माहेरच्या बोलीवर येते. "तुमी सरबतच धरून बसले. अकरा वर्षं झाले, या घरात मले कोणी काही आधी नाही दिलं. आताबी तुमचा घोट झाल्यावरच आणलं ना?"

पेला माझ्या हातात देऊन तिनं पुढची पोळी लाटायला घेतली.

इटलीला मी कधी जाणार नाही, आणि त्याचं आता काही वाटतही नाही. पण पाटापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंतची चार पावलं विनायक माझ्याआधी चालला, याचा हेवा काही केल्या जात नाही.