सामन्याच्या दिवशी न होणारे सूप

दक्षिण कोरियातल्या बुचॉन शहरातल्या त्या घरात दिवस दुपारी एकला उजाडे. व्हिडिओ गेमच्या खालच्या लीगमध्ये खेळणारी सहा मुले डोळे चोळत स्वयंपाकघरात येत आणि प्योन सुन-रे त्यांच्यापुढे भात, किमची आणि अंडी ठेवी. ती संघाची स्वयंपाकीण. मुले तिला मावशी म्हणत. पडद्यावर कोण कोणाला मारते हे सहा वर्षांत तिला उमगले नव्हते, लीगची व्यवस्था मात्र तोंडपाठ होती. वर दहा संघ, खाली आठ. हंगामाअखेर वरच्यांतले तळाचे दोन आणि खालच्यांतले पहिले दोन समोरासमोर बसणार. जिंकेल तो वर. आमच्या गावात शेताला पाणी द्यायच्या पाळ्या याहून किचकट होत्या, असे ती म्हणे.

फ्रिजवरच्या कॅलेंडरात सामन्यांच्या तारखांना ती लाल गोल करी. त्या दिवशी समुद्री शेवाळाचे सूप करायचे नाही. शेवाळ निसरडे, ते खाऊन परीक्षेला किंवा सामन्याला गेलेला माणूस घसरतो, हे तिला आईने सांगितले होते आणि मुलांना त्यांच्या आयांनी.

यंदा खालच्या लीगचा अंतिम सामना नेमका कर्णधार मा सोल-चानच्या वाढदिवशी आला. वाढदिवसाला तर रिवाजाने हेच सूप लागते.

"मावशी, या वर्षी वाढदिवस पुढे ढकलू या," सोल-चान म्हणाला.

"तुला ढकलायची सवयच आहे. लष्करालाही दोनदा ढकललंस."

मुले हसली. सोल-चान सव्वीस वर्षांचा, म्हणजे या खेळात म्हाताराच. लष्करातली सक्तीची भरती त्याने वरच्या लीगच्या आशेवर लांबवली होती. आता शरद ऋतूत जाणे चुकणार नव्हते. एकदा तरी वरच्या मंचावर बसायचे, एवढेच त्याचे मागणे होते. आणि ते पुरे झालेले पाहायचे, एवढेच तिचे.

सामन्याला दहा दिवस उरले असताना प्रशिक्षक यूक स्वयंपाकघरात येऊन नुसतेच उभे राहिले.

"भूक लागली का?" तिने विचारले.

"नाही. वर जायचे, बढतीचे सामने बंद झाले, मावशी. यंदाचेही होणार नाहीत. वरच्या दहा जागा कायमच्या. मालकांनी अर्ज करायचे, लीगने निवडायचं. खाली त्याच दहांचे राखीव संघ खेळतील."

"आपल्या मालकांनी अर्ज केला?"

"त्यांना कोणी विचारतही नाही."

"मग आपण जिंकलो तर?"

"जिंकलो तर जिंकलो."

तिने गॅस बारीक केला. कोणावर रागवावे हेच तिला कळेना. नियम कोणी केला, तो कुठे बसतो, त्याला कोणी जेवू घालते का, यातले काहीच तिला ठाऊक नव्हते.

मुलांचा सराव तसाच चालू राहिला. "आता कशासाठी?" असे तिने सोल-चानला एकदा विचारले. "तारीख दिलीय ना, मावशी," तो म्हणाला आणि ताटलीतले अंडे त्याने शेजारच्याला दिले.

सामन्याच्या दिवशी सुन-रेने शेवाळ भिजत घातले. वर जायला पायरीच राहिली नव्हती, तर घसरायचे कुठून? पण पाण्यात ते फुलू लागले तसे तिच्याने बघवेना. तिने ते उपसून डब्यात भरले आणि मोड आलेल्या सोयाबीनचे सूप केले.

मुले तीन-एकने जिंकली. फोनच्या पडद्यावर तिला सोल-चानच्या हातात करंडक दिसला. तो काहीतरी बोलत होता, तोवर समालोचक पुढच्या वर्षीच्या दहा मालकांकडे वळले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला तिने त्याच्यापुढे शेवाळाच्या सुपाचा वाडगा ठेवला.

"वाढदिवस काल झाला, मावशी."

"खा मुकाट्याने."

तो खात राहिला. सवयीने तिने लाल पेन उघडले आणि कॅलेंडरचे पान उलटले. मग पुढचे, मग त्यापुढचे. आता हे सूप कोणत्याही दिवशी करता येणार होते. तिने पेनाला टोपण लावले आणि विचारले, "अजून घेतोस?"