माहेश्वरीची खोळ

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळत आलो. कपाटात ती खोळ पाहून मुलीने विचारलं, तेव्हाही मी विषय बदलला.

निवृत्त झालो त्या वर्षी इंदूरच्या ऑफिसातले आम्ही पाच जण उत्तराखंडात ट्रेकला निघालो. स्लीपिंग बॅगा तिकडे भाड्याने मिळणार होत्या. बायकोला ते पटेना. "त्यात कोण कोण झोपून गेलं असेल. आत घालायला खोळ शिवते." मला सतरंजीवर आडवं करून तिने खडूने माझ्याभोवती रेघ ओढली, पायांकडे वीतभर जास्त सोडली आणि तिची एक जुनी सुती साडी मशीनवर घेतली. घडी केली की खोळ दोन मुठींत मावायची.

कॅम्पवर मी ती पिशवीतून काढली. निळी, बारीक फुलांची. एक मित्र म्हणाला, "क्या भिया, भाभीजी की साड़ी में सोओगे?" दुसरा म्हणाला, "सोने दो यार, घर की याद आती होगी." सगळे हसले. मीही हसलो, आणि म्हणालो, "अरे, गलती से आ गई." तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी ती तिथल्या स्वयंपाक्याला देऊन टाकली, भांडी पुसायला. परत निघालो तेव्हा ती फाडलेली होती. एक तुकडा कढईखाली होता.

जुन्या इंदुरातल्या आमच्या घरी बॅग रिकामी करताना बायकोने विचारलं, "खोळ कुठाय?"

"तिकडे एक म्हातारा थंडीने कुडकुडत होता. त्याला दिली."

दिवसभर तिच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. पुढे खजराण्याच्या गणपतीला दर्शनाच्या रांगेत तिने ते शेजारणीला सांगितलं. मी बाजूला चपला सांभाळत उभा होतो.

आठवड्याभरात तिने तिच्या आईची माहेश्वरी साडी नव्या खोळीसाठी कापली. तिच्याकडे आईचं तेवढंच होतं. कात्रीचा आवाज ऐकून मी स्वयंपाकघराच्या दारात आलो. तेव्हा सांगता आलं असतं. "अगं, ही कशाला?" एवढंच म्हणालो.

"पुढच्या वेळी तुम्ही थंडीत राहू नका. आणि ही कुणाला देऊ नका हं. दानशूर आहात, माहितीये मला."

पुढची वेळ आलीच नाही. गुडघे गेले माझे.

मागच्या हिवाळ्यात ती दवाखान्यात होती. तिथल्या चादरी तिला खरखरीत वाटायच्या. मी खोळ नेली. नर्सने आणि मी मिळून तिला आत सरकवलं. खोळ माझ्या मापाची होती, ती त्यात लहान मुलीसारखी दिसत होती. दुपारचं ऊन पलंगावर आलं होतं.

"किती हलकी आहे," ती म्हणाली.

मी स्टूल पुढे ओढलं. "ती पहिली खोळ आठवते तुला?"

"हो. त्या म्हाताऱ्याकडे असेल का हो अजून?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी "असेल" म्हणालो.

चार दिवसांनी ती गेली. त्या दुपारी जे म्हणायला स्टूल ओढलं होतं, ते एवढंच होतं: म्हातारा कुणी नव्हता गं, मला तुझ्या साडीची लाज वाटली, मला माफ कर.