हजाराला तीन कमी

आमचे भावोजी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतात आणि घरी आले की आधी चादरींचं कपाट तपासतात. त्या कपाटात चादरी नाहीत. त्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर राहायला गेल्या आहेत. कपाटात आहे तो भावोजींचा सर्व्हर, कुठल्याशा ऑफिसानं भंगारात काढलेले तीन कॉम्प्युटर जोडून केलेला. त्याला वारा लागावा म्हणून कपाटाचं दार काढलंय आणि घरातला एकुलता एक टेबलफॅन त्याच्या दिमतीला दिलाय. माणसांनी वहीनं वारा घ्यावा.

जगभरच्या हौशी मंडळींनी लिहून सगळ्यांसाठी खुलं ठेवलेलं सॉफ्टवेअर त्यावर चालतं. घरचे फोटो, सिनेमे, अगदी ताईची किराणा यादीसुद्धा तिथेच. ताईचं म्हणणं, यादी फ्रिजवर चिकटवलेली असायची तेव्हा साखर वेळेवर यायची. भावोजींना हा मुद्दा गैरलागू वाटतो.

हा सर्व्हर एकदाही बंद न होता हजार दिवस चालवायचा, असा त्यांनी ध्यास घेतला होता. इंटरनेटवर त्यांच्यासारख्या कपाटवाल्यांचा एक गट आहे, तिथे हजार गाठणाऱ्याला फार मान म्हणे. सकाळी तोंड धुण्याआधी ते आकडा बघायचे. वीज गेलीच तर सर्व्हर चालू राहावा म्हणून बॅटरीचा यूपीएस आणला होता. हजाराव्या दिवसासाठी रजा टाकली होती आणि मला जेवायला बोलावलं होतं. मी मेहुणी, तीन दिवस आधीच जाऊन टपकले.

आमची आई ताईकडेच असते. तिला दमा आहे आणि सर्व्हरचा राग आहे.

"जावईबापू, लग्नाचा वाढदिवस विसरलात आणि या डब्याचे दिवस मोजताय! माझ्या पोरीला सवत आणलीत हो."

"आई, तो डबा नाही."

"मग काय आहे?"

यावर भावोजी वीस मिनिटं बोलत आणि आई सातव्या मिनिटाला घोरायला लागे.

नऊशे सत्त्याण्णवाव्या दिवशी, दुपारची जेवणं होत असतानाच आईला जोरात धाप लागली. ताईनं औषध घालून तिचं वाफेचं मशीन लावलं, मास्क तोंडावर धरला आणि नेमकी वीज गेली. मशीन थांबलं. भावोजी ताटावरून उठले ते थेट कपाटाकडे धावले. माझं डोकंच फिरलं.

"भावोजी, आईकडे बघा आधी! मरू दे तो डबा!"

"मशीन इकडे आणा!" ते तिकडून ओरडले. "आईंनाही आणा!"

आम्ही दोघींनी आईला खुर्चीसकट उचलून कपाटापुढे नेलं. भावोजींनी वाफेचं मशीन यूपीएसला जोडलं. दोन्ही यंत्रांचा भार त्याला पेलेना, तो कर्कश किंचाळायला लागला. आता सर्व्हर रीतसर बंद करायचा तर पाचेक मिनिटं लागतात. चालू सर्व्हरची वायर कधी उपसायची नाही, हे भावोजींनी घरात प्रत्येकाला, अगदी मोलकरणीलासुद्धा, दहादा बजावलं होतं.

त्यांनी आईच्या निळसर पडत चाललेल्या ओठांकडे एकदा बघितलं आणि वायर उपसली.

कपाटातली घरघर थांबली. वाफेचं मशीन सुरू झालं. दहा मिनिटांत आईचा श्वास ताळ्यावर आला. भावोजी जमिनीवर फतकल मारून बसले होते, हात खरकटाच. मी काय काय बोलले ते आठवून मला माझीच लाज वाटली.

आईनं मास्क जरा बाजूला केला. "किती राहिले होते?"

"तीन."

"मग आता पुढे मोजायचे ना?"

"नाही आई. पुन्हा एकपासून."

आईनं बोटांवर हिशेब केला. "पावणेतीन वर्षं होतात की हो."

"हो."

"मग वीज आली की लगेच लावा बघू," आई म्हणाली. "मलाही आता तेवढं थांबायला हवं."